पॉल एर्लिश आणि उंदराची दुसरी गाठ

पॉल एर्लिश म्हटले की उपदंशावरचे सॅल्व्हर्सान हे औषध आठवते. पण आपले शरीर कर्करोगाशी स्वतःच लढत असावे, हा विचारही त्यांनी शतकापूर्वी मांडला होता.

त्यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी सिलेशियातील श्ट्रेलेन गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. विद्यार्थी असतानाच त्यांना रंगांचे वेड लागले. कापड रंगवण्यासाठी निघालेले कृत्रिम रंग वापरून त्यांनी रक्तातील पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगवेगळे ओळखले. पुढे त्यांना क्षयाने गाठले. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले आणि बरे होऊन परतले. रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मेचनिकॉव्ह यांच्यासोबत मिळाले.

याच सुमारास फ्रँकफर्टच्या प्रयोगशाळेत ते उंदरांमध्ये कर्करोगाच्या गाठींचे रोपण करत होते. एक गाठ वाढत असलेल्या उंदरात तीच गाठ दुसऱ्या जागी टोचली, तर ती अनेकदा रुजत नसे. पहिली गाठ लागणारे पोषण संपवते आणि दुसरी उपाशी मरते, असा अर्थ एर्लिश यांनी लावला. तो टिकला नाही. दुसऱ्या गाठीला उंदराची प्रतिकारशक्ती अडवत होती, हे पुढे कळले. गंमत म्हणजे, शरीराची संरक्षणव्यवस्था नसती तर कर्करोग कितीतरी अधिक आढळला असता, असे १९०९ मध्ये एर्लिश यांनीच सुचवले होते. मात्र लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे काम तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

२० ऑगस्ट १९१५ रोजी एर्लिश यांचे निधन झाले. त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने कार्ल व इंगेगर्ड हेलस्ट्रॉम या दांपत्याने गाठ असलेल्या प्राण्यांचे लिम्फोसाइट काढून प्रयोगशाळेतील बशीत त्याच गाठीच्या पेशींसोबत ठेवले. प्राण्याच्या अंगात गाठ वाढत असतानाही बशीत या लिम्फोसाइटनी कर्कपेशी मारल्या. पण त्याच प्राण्याच्या रक्तातील द्रव, म्हणजे सीरम, बशीत घातल्यावर हा मारा थंडावला. लढण्याची ताकद पेशींत होती. शरीरातच त्यांना काहीतरी रोखत होते.

पेशींना रोखणारे असे काही अडथळे आज ओळखले गेले आहेत. ते दूर करणारी औषधे काही कर्करोगांत वापरात आहेत. ती सर्वांना लागू पडत नाहीत, पण ज्यांना पडतात त्यांना अनेक वर्षांचे आयुष्य मिळू शकते.