एमिल बर्लिनर

जर्मनीतील हॅनोवर या नगरात २० मे १८५१ रोजी एमिल बर्लिनर याचा जन्म झाला. भावंडे पुष्कळ आणि घरची स्थिती बेताची. त्यामुळे लहानपणीच शाळा सोडून त्याला कामास लागावे लागले. १८७० साली तो अमेरिकेत गेला. पुढे न्यूयॉर्क येथे दिवसा मिळेल ते काम करावे आणि रात्री कूपर इन्स्टिट्यूटमध्ये विज्ञानाचा अभ्यास करावा, असा त्याचा क्रम असे.

१८७७ साली एडिसनने फोनोग्राफ शोधून काढला. त्यात वरखाली हालणारी सुई फिरत्या नळकांड्यावर ध्वनीची खाच उमटवी. नळकांडे सुईखालून पुढे सरकविण्यास मळसूत्र लागे आणि त्याच्या प्रती काढणे फार कठीण होते. बर्लिनरने निराळी वाट धरली. त्याने सपाट तबकडी घेतली व तिच्यावर डावीउजवीकडे वळणारी नागमोडी खाच उमटविली. आईने मुलाला बोट धरून न्यावे, तशी ही खाचच सुईला पुढे नेई. शिवाय एका साच्यातून अनेक तबकड्या काढता येऊ लागल्या. १८८७ साली त्याला या ग्रामोफोनचे पेटंट मिळाले.

तथापि, एक अडचण होती. मुद्रण करताना सुई सरळ रेषेत आत सरकते. वाजविताना मात्र ती खिळीवर फिरणाऱ्या दांडीला जोडलेली असल्याने दाराच्या कडेप्रमाणे कंसात फिरते. त्यामुळे ती खाचेत थोडी तिरपी राहते. स्वर बिघडतो व तबकडी झिजते. १९२४ साली इंग्लंडातील पर्सी विल्सन याने गणिताने यावर उपाय दाखविला. दांडीचे टोक योग्य कोनात वळवावे आणि सुई तबकडीच्या मध्यबिंदूच्या किंचित पलीकडे पोहोचावी, म्हणजे हा तिरपेपणा फारच कमी होतो.

बर्लिनरच्या वाट्यास दुःखही आले. १९०० साली न्यायालयीन वादामुळे अमेरिकेत त्याला आपलेच यंत्र विकण्याची मनाई झाली. त्याचा व्यवसाय कॅनडातील मॉन्ट्रियल येथे चालू राहिला. तबकडीचा प्रसार मात्र थांबला नाही. त्याचा जुना सहकारी फ्रेड गायसबर्ग याने १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान यांचे गायन मुद्रित केले.

उत्तरायुष्यात बालकांना निर्जंतुक दूध मिळावे म्हणून बर्लिनरने पुष्कळ खटपट केली. ३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे त्याचे निधन झाले. शाळा लवकर सुटली तरी त्याने शिकणे सोडले नाही. म्हणूनच थोर गायकांचे स्वर त्यांच्या पश्चातही घरोघरी ऐकू येऊ लागले.