वैद्यकाचा उपासक राजा : तंजावरचे सरफोजीराजे

महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, कावेरीच्या मुखाकडील भातशेतीच्या प्रदेशात व्यंकोजीराजांच्या वंशजांनी मराठीचा दिवा तेवत ठेवला. त्याच घराण्यातील सरफोजीराजे दुसरे सरस्वती महाल ग्रंथालयामुळे सर्वांस ठाऊक आहेत. त्यांची वैद्यकसेवा मात्र तितकीशी परिचित नाही.

२४ सप्टेंबर १७७७ रोजी त्यांचा जन्म झाला. १७८७ मध्ये तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले. परंतु राजांच्या निधनानंतर गादी अमरसिंगांकडे गेली आणि या बालकाचे शिक्षणही खुंटले. अखेर श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या प्रयत्नाने मद्रासेस त्यांचे विद्याध्ययन झाले. १७९८ मध्ये गादी लाभली. पण पुढल्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेला. राजांजवळ किल्ला आणि मानापुरते राजेपण उरले.

सत्ता गेली, म्हणून ते विलासात बुडाले नाहीत. धन्वंतरी महालात त्यांनी देशी वैद्य, हकीम आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे एकत्र आणले. अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यांत ग्रथित करविले. ते सरभेंद्र वैद्य या नावाने ओळखले जातात. नेत्ररोग्यांच्या व्याधींची व उपचारांची टिपणे, त्यांच्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, करवून ठेविली. रामेश्वराच्या वाटेवरील छत्रांत यात्रेकरूंना अन्नाबरोबर औषधही मिळे. विषबाधा उतरविणारे वैद्यही तेथे असत. ओरत्तनाडू गावचे मुक्तांबाळ छत्र त्यांनीच उभारले.

त्याच काळात, १८१७ साली, लंडनमध्ये जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने हातापायांस कंप सुटणाऱ्या सहा रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील काही जण त्याला केवळ रस्त्यात दिसले होते. आपण ज्याला कंपवात म्हणतो, त्या रोगाच्या आधुनिक संशोधनाचा पाया या छोट्या पुस्तिकेने घातला. आयुर्वेदात वापरली जाणारी खाजकुइली घ्या. तिच्या बियांत लेव्होडोपा हे द्रव्य असल्याचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये दाखविले. पुढे १९६० च्या दशकात तेच द्रव्य कंपवातावरील प्रमुख औषध ठरले. दीर्घकाळ ते घेतल्यास अनैच्छिक हालचाली उद्भवू शकतात, हेही रोग्यांच्या नोंदी ठेवल्यामुळे उमगले. औषध परंपरेतून मिळू शकते. त्याचा गुण आणि दोष मात्र नोंदींतूनच कळतो. लंडनचा डॉक्टर आणि तंजावरचा राजा एकमेकांस अपरिचित होते, तरी रोग्याकडे बारकाईने पाहून ते लिहून ठेवण्याची दृष्टी दोघांचीही होती.

७ मार्च १८३२ रोजी राजे निवर्तले. १८५५ मध्ये राज्यही खालसा झाले. कागद मात्र उरले. तंजावर दरबारचे कितीतरी दप्तर मोडी लिपीत आहे आणि मोडी वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. परमुलखात राहून मराठी जपणाऱ्या आपल्या मंडळींपैकी एखाद्या तरुणाने ती लिपी शिकून घेतली, तर या राजास तीच खरी आदरांजली ठरेल.