लोखंडी नांगराचे प्रवर्तक कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

जी वस्तु चांगली ती आपोआप खपते, असा पुष्कळांचा समज असतो. आणि जी वस्तु खपते ती चांगली असलीच पाहिजे, असाहि कित्येकांचा समज असतो. हे दोन्ही समज सारखेच चुकीचे आहेत. चांगल्या वस्तूसहि लोकांपर्यंत पोंचण्यासाठीं वाट करावी लागते, आणि वाईट वस्तु केवळ गाजावाजानें काहीं काळ खपूं शकते. या दोन्ही गोष्टींचा उत्तम बोध ज्यांच्या चरित्रापासून होतो असे महाराष्ट्रांतील एक थोर कारखानदार म्हणजे कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हे होत. त्यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं अवश्य मनन करण्याजोगें आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म ज्या काळांत झाला त्याची थोडी ओळख प्रथम करून घेतली पाहिजे. व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द इ. स. १८३७ पासून १९०१ पर्यंत चालली. या काळांत इंग्लंडांत वाफेच्या यंत्रांवर नानाविध वस्तु मोठ्या प्रमाणावर तयार होऊं लागल्या, आणि त्या विकण्यासाठीं जाहिरात ही एक नवी विद्याच निर्माण झाली. इ. स. १८५३ मध्यें तेथील जाहिरातींवरील कर रद्द झाला, आणि मग वर्तमानपत्रांचे रकाने, आगगाडीचीं स्टेशनें व शहरांतील भिंती साबण, शिवणयंत्रें, कुलपें, शेतीचीं अवजारें आणि औषधी गोळ्या यांच्या स्तुतीनें भरून गेल्या. पेअर्स साबणाच्या मालकांनीं मिले या विख्यात चित्रकारानें काढलेलें, बुडबुड्याकडे पाहणाऱ्या मुलाचें चित्र मिळवून तेंच आपल्या साबणाची जाहिरात म्हणून छापलें. थॉमस हॉलोवे नांवाच्या गृहस्थानें इ. स. १८४२ मध्यें आपल्या गोळ्या व मलम यांच्या जाहिरातींवर सुमारें ५,००० पौंड खर्च केले, इ. स. १८८३ मध्यें तो वारला त्या सुमारास हा वार्षिक खर्च ५०,००० पौंडांच्या घरांत गेला होता. या गोळ्यांत कोरफड, आलें यांसारखे साधे पदार्थ असत; परंतु त्यांनीं बहुतेक सर्व रोग बरे होतात असें जाहिरातींत सांगितलें जाई. हॉलोवेनें आपल्या संपत्तींतून स्त्रियांसाठीं मोठें महाविद्यालय व मनोरुग्णांसाठीं रुग्णालय उभारलें, हें त्याचें सत्कृत्य खरें. पण ती संपत्ति मिळाली ती मात्र गोळ्यांच्या गुणापेक्षां शब्दांच्या गुणानें मिळाली, हें विसरतां येत नाहीं.

हा माल व या जाहिराती हिंदुस्थानांतहि येऊन पोंचल्या. इ. स. १८८८ मध्यें लीव्हर बंधूंच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या. त्याच दशकांत नागपूरहून छत्तीसगढाकडे जाणारा लोहमार्ग झाला, आणि सालेकसा व दरेकसा यांच्या रानांतून आगगाडी धांवूं लागली. जेथें पूर्वीं बैलगाडी कष्टानें जाई, तेथें परदेशी कापड, आगपेट्या व घासलेटाचे डबे सहज येऊं लागले. देशी कारागिराचा माल मात्र गांवाच्या वेशीबाहेर क्वचितच जाई. कारण त्याची माहिती देणारें कोणीच नव्हतें. ही उणीव भरून काढणाऱ्या पहिल्या पिढींतील लक्ष्मणराव हे एक होत.

त्यांचा जन्म ता. २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. लक्ष्मणाचें मन मात्र शाळेच्या पुस्तकांपेक्षां चित्रें काढण्यांत व यंत्रांची जुळणी पाहण्यांत अधिक रमे. शेवटीं मोठ्या भावांच्या साह्यानें ते मुंबईस गेले आणि सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत चित्रकला शिकूं लागले. परंतु काहीं रंग आपणांस नीट ओळखतां येत नाहींत, असें त्यांस लौकरच कळून आलें. चित्रकार होण्याची आशा सोडावी लागली. असा प्रसंग आला असतां पुष्कळ तरुण खचून जातात. लक्ष्मणरावांनीं यांत्रिक रेखांकनाचा अभ्यास केला. त्यांत रंगांचें काम नव्हतें, रेषेचें व मापाचें होतें. त्यांत ते इतके निष्णात झाले कीं, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाप्रीत्यर्थ स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें त्यांस शिक्षकाची जागा मिळाली. तेथील कर्मशाळेंत यंत्रांच्या सहवासांत त्यांनीं स्वतःचें शिक्षण पूर्ण केलें.

याच काळांत त्यांचें लक्ष मुंबईच्या रस्त्यांवर नवीनच दिसूं लागलेल्या सायकलीकडे गेलें. त्यांनीं मुंबईहून सायकली बेळगांवास थोरले बंधु रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा यांजकडे धाडण्यास आरंभ केला. किर्लोस्कर बंधु या पेढीचा जन्म इ. स. १८८८ चा मानतात. सायकल ही त्या वेळीं श्रीमंतांचीच वस्तु होती, आणि ती चालवितां येणें ही मोठी करामत वाटे. रामूअण्णा स्वतः सायकल चालवावयास शिकले आणि गिऱ्हाइकांसहि शिकवूं लागले. शिकणारा मनुष्य गांवांतून फेरी मारी, तीच दुकानाची सर्वांत मोठी जाहिरात होई. वस्तूचे गुण नुसते सांगण्यापेक्षां ते डोळ्यांस दाखविणें अधिक परिणामकारक असतें, हा धडा या दोघां बंधूंस आरंभींच मिळाला.

पुढें संस्थेंतील बढतीची जागा लक्ष्मणरावांस न देतां एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली. तेव्हां त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला व ते बेळगांवास परतले. निश्चित पगार सोडून अनिश्चित धंद्यांत पडणें हें त्या काळीं मध्यम स्थितींतील कुटुंबांत वेडेपणाचें समजलें जाई. परंतु परक्यांचा माल विकून किती दिवस राहावयाचें, आपण स्वतः काहीं निर्माण केलें पाहिजे, अशी त्यांच्या मनास ओढ लागली होती. त्यांनीं प्रथम जनावरांसाठीं कडबा कापण्याचें यंत्र तयार केलें आणि नंतर लोखंडी नांगराचें काम हातीं घेतलें.

या नांगराची कथा हाच लक्ष्मणरावांच्या चरित्राचा गाभा होय. कृष्णाकांठच्या काळ्या जमिनींत हरळी व कुंदा यांचीं मुळें खोल जातात. लांकडी नांगर जमीन वरवर उकरतो. त्यानें हीं मुळें निघत नाहींत. लोखंडी नांगर खोल जातो व माती उलथून टाकतो. असे नांगर परदेशांतून येत असत. पण ते महाग असून मोडले तर सुटे भाग मिळण्याची मारामार होई. तोच नांगर देशांत केला तर शेतकऱ्याचें हित होईल, असा लक्ष्मणरावांचा विचार होता, आणि तो सर्वस्वी बरोबर होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं काहीं नांगर तयार केले. परंतु घेणार कोण? लोखंडानें जमिनीस विष बाधतें व पीक बुडतें, असा शेतकऱ्यांचा दृढ समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं.

बाळांनो, या दोन वर्षांचा क्षणभर विचार करा. लोखंड, कोळसा व मजुरी यांवर पैसा खर्च झालेला, तयार माल धूळ खात पडलेला, आणि ज्याच्या कल्याणासाठीं तो केला तो शेतकरीच त्याला हात लावीत नाहीं! अशा वेळीं दोन मार्ग सोपे होते. एक, धंदा सोडून पुन्हां नोकरी धरणें. आणि दुसरा, हॉलोवेप्रमाणें मोठमोठीं वचनें देऊन माल लोकांच्या गळ्यांत बांधणें. लक्ष्मणरावांनीं दोन्ही टाळले. शेतकरी अडाणी आहे असें म्हणून त्यांनीं त्यास दोष दिला नाहीं. ज्याची सर्व मत्ता एक बैलजोडी व चार बिघे जमीन, तो नव्या वस्तूविषयीं साशंक असला तर त्यांत त्याचें शहाणपणच आहे. कारण एक हंगाम चुकला तर वर्षभर त्याच्या मुलांच्या तोंडीं घास पडत नाहीं. अशा मनुष्याची खात्री शब्दांनीं होत नसते, शेतांतील पिकानेंच होते.

तसेंच झालें. ज्या थोड्यांनीं धैर्य करून नांगर नेले त्यांचीं शेतें शेजाऱ्यांनीं पाहिलीं, आणि हळूहळू मागणी येऊं लागली. नांगर विकले जाऊं लागल्यावरहि अडचणी संपल्या नाहींत. फाळ परदेशी फाळाइतके टिकत नाहींत, अशी तक्रार आली. लक्ष्मणरावांनीं तक्रार करणाऱ्यास परतवून न लावतां ओतकामांत सुधारणा केली. गिऱ्हाइकाची तक्रार ही कारखानदाराची फुकटची शिकवणी होय, असेंच जणूं त्यांनीं मानलें.

धंदा वाढत असतांच नवें संकट आलें. नगराच्या विस्तारासाठीं बेळगांवांतील कारखान्याची जागा सोडावी लागली. त्या वेळीं औंध संस्थानचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे साह्यास धांवून आले. त्यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळील ३२ एकर जमीन व १०,००० रुपयांचें बिनव्याजी कर्ज दिलें. ती जमीन म्हणजे निवडुंगाचें रान होतें व त्यांत सापांचा सुळसुळाट होता. इ. स. १९१० मध्यें लक्ष्मणराव आपल्या सहकाऱ्यांसह व त्यांच्या कुटुंबांसह तेथें राहावयास गेले. निवडुंग तोडून त्यांनीं कारखाना, घरें, शाळा व बागा उभ्या केल्या. तेंच आजचें किर्लोस्करवाडी. या वसाहतींत अस्पृश्यतेस थारा नव्हता, आणि पूर्वीं तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांस लक्ष्मणरावांनीं पहारेकऱ्याचें विश्वासाचें काम दिलें. पहिल्या महायुद्धांत लोखंड मिळेनासें झालें, तेव्हां औंध संस्थानांतील जुन्या तोफा वितळवून त्यांचे नांगर करण्यांत आले. मारण्याच्या साधनांतून पोसण्याचें साधन निर्माण झालें!

इ. स. १९२० मध्यें पेढीचें रूपांतर मर्यादित कंपनींत झालें, आणि त्याच वर्षीं किर्लोस्कर खबर हें पत्र सुरू झालें. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे स्वतः चित्रकार असून कारखान्याच्या जाहिरातींचें काम पाहत. तेच या पत्राचे संपादक झाले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस द्यावी, हा या पत्राचा मूळ हेतु होता. परंतु ज्या पत्रांत केवळ आपलीच स्तुति आहे तें कोण वाचील? म्हणून त्यांत उद्योग, आरोग्य व समाजसुधारणा यांवरील लेख येऊं लागले, आणि जाहिरातीसाठीं निघालेलें तें पत्र पुढें महाराष्ट्रांतील एक प्रमुख मासिक होऊन बसलें. इ. स. १९३० मध्यें स्त्री व इ. स. १९३४ मध्यें मनोहर हीं त्याचीं भावंडें निघालीं. नांगर विकण्याच्या खटपटींतून मराठी भाषेस तीन मासिकें मिळालीं, असें म्हटलें तरी चालेल.

नांगराच्या मागोमाग उंसाचे चरक, पंप व लोखंडी सामान किर्लोस्करवाडीहून देशभर जाऊं लागलें. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनीं अमेरिकेंत यंत्रशास्त्राचें शिक्षण घेतलें, आणि इ. स. १९४६ मध्यें पुण्यास तेलावर चालणाऱ्या एंजिनांचा कारखाना काढण्यांत त्यांनीं पुढाकार घेतला. ता. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं लक्ष्मणराव दिवंगत झाले. इ. स. १९६९ मध्यें त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारनें त्यांच्या चित्राचें टपालाचें तिकीट काढलें.

दरवर्षीं माघ पौर्णिमेच्या सुमारास दरेकसाजवळील कचारगडच्या डोंगरांत गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. अशा यात्रेंत गुहेच्या दर्शनास जाणारे भाविक असतात, तसेच वाटेवर मांडलेले दुकानदारहि असतात. तेथें जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. खेड्यांतील वृद्ध मनुष्य विळा किंवा कुऱ्हाड घेतांना विक्रेत्याचें भाषण ऐकून घेतो, पण निर्णय करतो तो पात्यावर बोट फिरवून व दांडा हातांत तोलून. त्याच्या त्या बोटांत जें शहाणपण आहे तें सुशिक्षितांनींहि सोडतां कामा नये. व्हिक्टोरिया राणीच्या काळीं भिंती बोलूं लागल्या. आज तर आपल्या खिशांतील यंत्रेंहि दिवसरात्र जाहिराती दाखवितात. साधनें बदललीं, तरी त्यांच्यापुढें विचारावयाचा प्रश्न बदललेला नाहीं: जें सांगितलें जात आहे तें शेतांत, घरांत व हातांत खरें ठरतें काय?

पालकांसहि एक विनंति करावीशी वाटते. आपला मुलगा किंवा मुलगी पुस्तकांत मागें पडत असेल, पण तिचा हात अवजारावर चांगला बसत असेल, तर निराश होऊं नये. ज्यांस रंग ओळखतां येत नव्हते त्यांनींच ओसाड माळ हिरवा केला. आणि मुलांनो, तुम्ही पुढें काहीं निर्माण कराल तेव्हां त्याची माहिती लोकांस देण्यास लाजूं नका. मात्र जें द्याल तें सांगितल्याहून रतिभरहि कमी भरूं देऊं नका. दोन वर्षें न विकलेला नांगर ज्यांनीं खोटें न बोलतां विकून दाखविला, त्यांच्या चरित्राचें सार एवढेंच आहे.