कमलाबाई, कोलेस्टेरॉल आणि आमचं चूर्ण

आमच्या राजारामपुरीत गल्लोगल्ली दवाखाने आणि लॅब. भाजी आणायला बाहेर पडलं तरी हातात रिपोर्टचा लिफाफा घेतलेलं कुणीतरी ओळखीचं भेटतंच. तीन वर्षांपूर्वी तसाच एक लिफाफा आमच्याही घरी आला. आमच्या ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आत थर धरणारं कोलेस्टेरॉल, 168 होतं. डॉक्टरांनी रोज रात्री एक गोळी, सकाळी चालणं आणि खाण्यावर लगाम असं तिहेरी औषध सांगितलं. मामंजी चोपन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेलेले, त्यामुळे मी मनातून धास्तावलेच.

पुढं मी काय केलं ते सांगायला आज लाज वाटते. एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनी गुग्गुळाच्या चूर्णाचं असं काही गुणगान केलं, की मी दुसऱ्याच दिवशी ते आणलं आणि ह्यांची गोळी परस्पर बंद केली. गोळ्यांनी लिव्हर जातं म्हणे, आणि चूर्ण आपलं झाडपाल्याचं! ह्यांनीही बरं झालं म्हणून मान डोलावली. चार महिन्यांनी रक्त तपासलं तर आकडा 181. डॉक्टर ओरडले नाहीत. हे चूर्ण किती जणांना देऊन पाहिलंय आणि त्यांचं रक्त आधी नि नंतर कुणी तपासलंय, एवढंच त्यांनी शांतपणे विचारलं. माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर लेकीनं मला खुर्चीत बसवलं आणि कमला सोहोनींची गोष्ट सांगितली. दुर्गाबाई भागवत आपल्या सगळ्यांना ठाऊक असतात. कमलाबाई त्यांची धाकटी बहीण. त्या दिवसापासून मी ह्या बाईंबद्दल मिळेल ते वाचत आले आणि माझी चूक मला नीट कळत गेली.

कमलाबाईंचा जन्म 1911 चा. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. ही मुलगी मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली आली. तिनं 1933 साली त्याच संस्थेत अर्ज केला, तर तो नामंजूर! कारण काय, तर ती मुलगी. संस्थेचे संचालक होते नोबेल मिळालेले सर सी. व्ही. रामन. एवढ्या मोठ्या माणसानं नाही म्हटल्यावर आपण गप्प घरी बसलो असतो. ही बाई बंगळुरूला जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि कारण विचारलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, काम पसंत पडलं तरच पुढं, आणि तिच्यामुळे इतर संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. अपमान गिळून तिनं काम केलं. वर्षभरानं रामन यांना आपलं मत बदलावं लागलं आणि त्या संस्थेची दारं पुढच्या मुलींना उघडली.

मला ह्यातली एक गोष्ट फार भावली. बायकांना संशोधन जमत नाही, हा समज कमलाबाईंनी वाद घालून खोडला नाही. काम करून, पुरावा समोर ठेवून खोडला.

बंगळुरूत त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. पुढं शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे द्रव्य असतं, हे त्यांनी दाखवलं. पेशींच्या श्वासाला ते लागतं. जेमतेम चाळीस पानांचा प्रबंध, आणि 1939 साली पीएच.डी.! विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. परदेशात राहता आलं असतं, पण त्या परतल्या. दिल्लीत शिकवलं, कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत काम केलं. 1947 मध्ये माधव सोहोनींशी लग्न करून मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्राच्या कितीतरी विद्यार्थ्यांना घडवलं.

तिथं त्यांनी काय तपासलं? आपल्याच चुलीवरचं अन्न! नीरा, ताडगूळ, डाळी, कडधान्यं, पावटे. कच्च्या पावट्यात प्रथिनं पचू न देणारं एक द्रव्य असतं, आणि उष्णतेनं त्याचा जोर कमी होतो. आपली आजी पावटे भिजवून, सोलून, चांगले शिजवून घालायची त्यामागं असं शास्त्र होतं. नीरेवरच्या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. जुनं आहे म्हणून त्यांनी काही डोक्यावर घेतलं नाही आणि जुनं म्हणून टाकलंही नाही. आधी तपासलं.

आता कोलेस्टेरॉलचं बघा. त्याच्या संशोधनाची गोष्ट जवळपास कमलाबाईंच्या वयाचीच. 1913 साली, म्हणजे त्या दोन वर्षांच्या असताना, रशियात अनिचकोव्ह नावाच्या शास्त्रज्ञानं सशांना सूर्यफुलाच्या तेलातून कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर जमले. नुसतं तेल दिलेल्या सशांत जमले नाहीत. पुढं अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावातल्या माणसांची 1948 पासून वर्षानुवर्षं तपासणी झाली आणि माणसातही वाढलेलं कोलेस्टेरॉल नि हृदयविकार यांचा संबंध दिसला. मग अंड्यांवर गदा आली. पण बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं शरीर स्वतःच तयार करतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा तूप, लोणी, साय यांतली स्निग्धता रक्तातला आकडा जास्त वाढवते, हे हळूहळू स्पष्ट झालं. 2015 साली अमेरिकेच्या आहार सल्ल्यातून रोज 300 मिलिग्रॅमची मर्यादा गेली. जपानच्या अकिरा एंडोंना 1970 च्या दशकात बुरशीत सापडलेल्या द्रव्यातून स्टॅटिन गोळ्यांची वाट निघाली. 1987 पासून त्या बाजारात आहेत, आणि त्यांनी हृदयविकाराचे झटके कमी होतात हे हजारो रुग्णांवर तपासलेलं आहे.

शास्त्रज्ञ सारखं मत बदलतात, मग विश्वास कुणावर ठेवायचा, असं मीही म्हणायची. आता वाटतं, मत बदललं ते नवा पुरावा आला म्हणून. लग्नातल्या त्या बाई मात्र आजही तेच सांगत असतील!

आणि गुग्गुळ? त्याचीही तपासणी झालेली आहे बरं का. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतलं मेदरोगाचं वर्णन वाचून ससे घेतले, आणि गुग्गुळानं त्यांचं कोलेस्टेरॉल उतरतं हे 1966 च्या प्रबंधात मांडलं. त्यातून औषधही निघालं. पण 2003 साली अमेरिकेत 103 माणसांवर आठ आठवडे प्रयोग झाला, तेव्हा गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल उतरण्याऐवजी थोडं वाढलं, काहींच्या अंगावर पुरळ आलं. सशाला लागू पडलं ते माणसाला पडेलच असं नाही.

ह्याच सत्यवती पुढं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. आणि त्यांनी काय केलं? चौऱ्याऐंशी वर्षांच्या कमलाबाईंना मानानं दिल्लीला बोलावून त्यांचा सत्कार केला. जिला मुलगी म्हणून दार बंद होतं, तिचा सत्कार देशातल्या वैद्यकीय संशोधनाची सूत्रं हाती असलेल्या दुसऱ्या बाईच्या हातून! हे वाचताना माझे डोळे भरून आले. कमलाबाई 1998 मध्ये गेल्या.

आपल्यासाठी त्यांचं आणखी एक देणं आहे. मुंबईत 1966 साली नऊ बायकांनी ग्राहकांसाठी संस्था काढली, तिच्या कामात कमलाबाई होत्या. 1982-83 मध्ये अध्यक्षही झाल्या. ग्राहकांनी सावध कसं राहावं यावर त्या लिहायच्या. आज बाजारात गेले की मला त्यांची आठवण होते. शेंगतेलाच्या पाकिटावर कोलेस्टेरॉल नाही असं मोठ्या अक्षरात असतं. खरंच आहे ते, पण कुठल्याच वनस्पतीच्या तेलात ते नसतं! मग त्यात कौतुक कसलं? बघायचं असेल तर ट्रान्स फॅटचा आकडा बघा. 2022 पासून आपल्याकडे त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे.

आमच्याकडे आता रात्रीची गोळी मी स्वतः हातात देते. तांबडा रस्सा सणासुदीला, तोही वरचा तवंग काढून. मिसळीचा कट अर्धा. रोज मात्र मूग, मटकी, चवळी, पावटा. कडधान्यांतला चोथा एलडीएल थोडं खाली ओढतो. मागच्या तपासणीत आकडा 96 आला. चूर्णाची बरणी धुऊन त्यात मटकी भरून ठेवलीय.

तुमच्याही घरात अशी एखादी बरणी असेल. माझं एवढंच सांगणं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी बंद करू नका. आणि कुणी रामबाण उपाय सांगितला, तर किती जणांवर तपासलाय, हे आधी विचारा. त्यात संकोच कसला? कमलाबाईंनी तर साक्षात रामन यांना विचारलं होतं!