बाबांची सायकल यात्रा आणि आमची यादी

दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही हॉस्टेलच्या सात जणांनी एक बेत केला. सायकलवर दौलताबादचा घाट चढून खुलताबादला जायचं, ओळखीच्या एका काकांच्या शेतात तंबू ठोकून रात्र काढायची आणि सकाळी वेरूळ बघून परत यायचं. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. तंबू, ताडपत्री, सतरंजी, टॉर्च, स्टोव्ह, पंप, पंक्चरचं सामान, एक जास्तीची ट्यूब. वजन जास्त व्हायला लागलं तसं मी एकेक वस्तू खोडत गेलो. खोडता खोडता माझ्या रूम पार्टनरचं नावही खोडलं. अपघातानंतर त्याच्या पायात रॉड आहे, घाट त्याला झेपणार नाही, असा माझा हिशोब. तो काहीच बोलला नाही. हेडफोन लावून झोपून गेला.

त्याच आठवड्यात सरांनी मॅगझिनच्या मराठी विभागासाठी एका थोर व्यक्तीचं चरित्र लिहायला सांगितलं. मी कॉन्व्हेंटचा, त्यामुळे माझं मराठी वाचन म्हणजे आनंदच! बाबा आमटे हे नाव मी शाळेत परीक्षेपुरतं पाठ केलेलं. लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि वाचता वाचता त्यात चक्क सायकली सापडल्या. म्हणून हे चरित्र.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला झाला. घर जहागीरदाराचं. बाबा हे नाव त्यांना लहानपणापासूनच होतं, मोठेपणी कुणी दिलेलं नाही. चौदाव्या वर्षी स्वतःची बंदूक, शिकारीचा नाद, सिनेमाचं वेड आणि पुढे सिंगर कंपनीची स्पोर्ट्स कार, तिच्या सीटवर बिबट्याचं कातडं! आजच्या भाषेत सांगायचं तर फुल सेटअप होता. वकील होऊन त्यांनी वरोऱ्यात प्रॅक्टिस सुरू केली. १९४२ च्या चळवळीत पकडलेल्या लोकांचे खटले लढवले. सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहिले. १९४६ मध्ये साधनाताईंशी लग्न झालं. वरोरा नगरपालिकेत पदावर असताना भंग्यांचं काम काय असतं हे कळावं म्हणून त्यांनी स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर घेतली.

एका पावसाळी दिवशी त्यांना रस्त्याच्या कडेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला. हातापायाची बोटं झडलेली, जखमांत किडे झालेले. कुणाला न घाबरणारे बाबा त्या दिवशी घाबरून पळून गेले. मला हा प्रसंग सगळ्यात खरा वाटला, कारण थोर माणसांच्या चरित्रात पळून जाणं सहसा लिहिलेलं नसतं. पण ते परत आले. पाऊस लागू नये म्हणून त्या माणसावर आडोसा उभारला आणि तो जाईपर्यंत त्याची सेवा केली. तंबूची यादी करणाऱ्या मला हा आडोसा वाचून कसंतरीच झालं.

मग भीती घालवायची तर रोगाची माहिती पाहिजे, म्हणून ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचा अभ्यास करून आले. संशोधनाला उपयोग होईल म्हणून स्वतःच्या शरीरात रोगाचे जंतू टोचून घेतले. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, जंगली जमिनीवर आनंदवन सुरू झालं. बरोबर साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये. साप-विंचवांचं रान, पाण्याचा पत्ता नाही. आधी विहीर खोदली. ज्यांना गावाने टाकून दिलं होतं त्यांनीच पुढे तिथे शेती केली, घरं बांधली, कारखाने चालवले. हाताला बोटं नसतील तर हत्यार तसं बनवायचं, पण माणसाला कामावरून काढायचं नाही! मला वाटतं, आपण चार वर्षं जे डिझाइन शिकतो त्याचं मूळ हेच असावं.

पुढे सोमनाथला तरुणांच्या श्रमाच्या छावण्या भरू लागल्या. कॉलेजची मुलं उन्हाळ्यात तिथे राहून कुदळ-फावडं चालवायची. १९७३ मध्ये हेमलकशाचा आदिवासींसाठीचा प्रकल्प उभा राहिला. आणि याच काळात बाबांच्या पाठीने दगा दिला. मणक्याचा आजार इतका वाढला की त्यांना बसताच येईना. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. ज्याला खुर्चीवर बसता येत नाही तो सायकलच्या सीटवर काय बसणार?

तरीही सायकल यात्रा काढली ती त्यांनीच. १९८४ मध्ये इंदिरा गांधींची हत्या झाली, दंगली झाल्या, पंजाब पेटलेला होता. बाबांनी तरुणांना हाक दिली आणि डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून भारत जोडो सायकल यात्रा निघाली. शंभरावर मुलं-मुली, काश्मीरपर्यंत सुमारे पाच हजार किलोमीटर. रोज नवं गाव, नवी भाषा, रात्री मिळेल तिथे मुक्काम. एक्काहत्तरीचे बाबा त्यांच्याबरोबर होते, बसमध्ये केलेल्या पलंगावर आडवे पडून. १९८८ मध्ये दुसरी यात्रा, अरुणाचलच्या इटानगरपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत.

यानंतर १९९० मध्ये ते नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले, धरणामुळे बुडणाऱ्या लोकांबरोबर. मॅगसेसे, टेम्पल्टन, पद्मविभूषण असे मोठे मोठे सन्मान मिळाले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता त्यांना तिथल्याच मातीत पुरलं. तेव्हा मी पाळण्यात होतो.

पुस्तक मिटलं आणि मी माझी यादी परत काढली. बाबांच्या पाठीसाठी बसमध्ये पलंग बसला, आणि मी एका रॉडसाठी माणूस खोडला होता. रात्री रूम पार्टनरला सॉरी म्हटलं. तो लगेच माफ करेल असं वाटलं होतं, पण तो दोन दिवस नीट बोलला नाही. बरोबरच होतं त्याचं. मग आम्ही सेटअपच बदलला. तंबू, स्टोव्ह, तांदूळ, कांदे-बटाटे असं सगळं जड सामान घेऊन तो एसटीने पुढे गेला. आमच्या कॅरियरवर फक्त अंथरूण, पाणी आणि पंक्चरचं सामान राहिलं.

त्याचा फायदा घाटात कळला. हलक्या सायकली चढल्या तरी, एक पंक्चर धरून, आम्हाला पोचायला अंधार पडला. शेतात टॉर्च हलताना दिसला. त्याने बांधापासून दूर, उंचवट्यावर सपाट जागा बघून तंबू ठोकला होता, खाली ताडपत्री घातली होती आणि खिचडी शिजत होती. आम्ही सहा जण नुसते आडवे पडलो, आणि तो आम्हाला वाढत होता.

पुढच्या ट्रीपला जाणाऱ्यांसाठी आमचा अनुभव सांगतो. ओझं पाठीवर घेऊ नका, कॅरियरच्या दोन्ही बाजूंना सारखं आणि खाली लटकवा. बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी दोरीपेक्षा चांगली. जास्तीची ट्यूब टायरच्याच मापाची आहे ना, हे हॉस्टेलवरच तपासा. आणि यादी करायला बसलात की आधी माणसं लिहा, सामान नंतर.