विसाव्या वर्षी सुटलेलं घर

फ्रेडरिक शोपँ हे नाव ऐकलंय? स्पेलिंग बघून चोपिन म्हणू नका हं! नाव नसेल ठाऊक, पण त्याची ई फ्लॅट मेजरमधली नॉक्टर्न कुठल्या ना कुठल्या सिनेमात कानावरून गेली असेलच. मी ती शाळेत असताना पियानोवर ऐकली होती. माणूस मात्र मला हॉस्टेलवर आल्यानंतर कळला.

शोपँचा जन्म १८१० चा, वॉर्सॉजवळच्या झेलाझोवा व्होला या गावातला. आई पोलिश, वडील फ्रेंच. वडील शिक्षक, शिवाय घरातच बाहेरगावच्या मुलांसाठी वसतिगृह चालवायचे. म्हणजे हा गडी हॉस्टेलमध्येच वाढला म्हणा ना! सातव्या वर्षी त्याची पहिली रचना छापूनही आली.

नोव्हेंबर १८३० मध्ये तो व्हिएन्नाला निघाला. वय वीस, आज माझं आहे तेवढंच. त्याच महिन्यात मागे वॉर्सॉत रशियन झारविरुद्ध उठाव झाला. सोबत आलेला जिवलग मित्र तितुस लढायला परत फिरला, शोपँ एकटा उरला. १८३१ मध्ये उठाव चिरडला गेला. परत जायचं म्हणजे झारच्या अंमलाखाली जायचं. तो पॅरिसला गेला आणि मायदेशी पुन्हा कधीच फिरकला नाही. आईवडिलांची शेवटची भेट झाली १८३५ मध्ये, तीसुद्धा परमुलखात, कार्ल्सबादला.

घर सुटलं त्याच सुमाराची ही नॉक्टर्न, ओपस ९ मधली दुसरी. नॉक्टर्न म्हणजे रात्रीची धून. हा प्रकार सुरू केला आयर्लंडच्या जॉन फील्डने, पण त्यात जीव ओतला शोपँने.

आता थोडं आपल्या भाषेत. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि पडल्या क्षणापासून आवाज विरायला लागतो. साधं डॅम्पिंग! सतारीसारखी मींडही नाही. मग हे वाद्य गाणार कसं? शोपँचा डावा हात ठेका सोडत नाही: खालचा एक स्वर, मग दोन कॉर्ड. पेडल दाबलं की डॅम्पर तारांवरून उचलले जातात आणि तो खालचा स्वर घुमत राहतो. त्यावर उजवा हात मोकळा. मुखडा तोच, पण दर वेळी नव्या हरकती घेऊन येतो.

प्रकृती तोळामासा, वाजवणंही हळुवार. मोठ्या हॉलमध्ये वाजवणं त्याला नकोसं व्हायचं. उभ्या आयुष्यात जाहीर कार्यक्रम केले ते जेमतेम तीसेक. पोट चाललं मुख्यतः शिकवण्यांवर. आपल्या गॅदरिंगमध्ये त्याला कुणी पाच मिनिटं तरी स्टेजवर टिकू दिलं असतं का, शंकाच आहे. पण जगात मात्र तो टिकला!

१७ ऑक्टोबर १८४९ रोजी, ३९ व्या वर्षी, तो पॅरिसमध्ये वारला. देह तिथल्याच पेर लाशेझ दफनभूमीत आहे. हृदय मात्र त्याच्या इच्छेप्रमाणे बहीण लुद्विका वॉर्सॉला घेऊन गेली. तिथल्या होली क्रॉस चर्चच्या एका खांबात ते आजही आहे.

घरी पोचायला त्याला एकोणीस वर्षं लागली, आणि तेही अर्धंच पोचता आलं. आपल्याला दिवाळीची सुट्टी आणि एसटीचं तिकीट पुरतं. यंदा जाल तेव्हा दोन दिवस जास्त राहून या!