चिं. वि. जोशी : चिमणरावांचे जनक

चिमणराव हे नाव आपण ऐकले असेल. त्यांचे जनक पाली भाषेचे पंडित होते, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही.

चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) जन्माने पुणेकर. बडोद्यास त्यांनी पालीचे अध्यापन केले, जातककथा मराठीत आणल्या. कोल्हटकरांचा विनोद रूढींवर प्रहार करी. जोश्यांनी ‘चिमणरावाचे चऱ्हाट’मध्ये हास्यविषय केला तो निवेदकालाच. जेरोम के. जेरोम यांच्या ‘थ्री मेन इन अ बोट’चा (१८८९) निवेदकही असाच आपली फजिती गंभीरपणे सांगतो. घरी अहिराणी बोलणाऱ्या खानदेशी विद्यार्थ्याला चिमणरावांची पांढरपेशी पुणेरी मराठी प्रथम परकी वाटेल. ती मोठ्याने वाचा. ऐन फजितीतही ती आपला सभ्यपणा सोडत नाही, आणि हसू येते ते तेथेच.